निवडणूक कोण घेतो?

आपल्या चळवळीत निवडणुकीची चर्चा होते ती जागांची. किती जागा राखीव, कोणत्या गटाला किती तिकिटे, कोण कोणाच्या दावणीला गेला, कोणी समाजाची मते विकली. ही चर्चा निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. निवडणूक घेतो कोण? मतदारांची यादी कोणाच्या हातात असते, प्रभागाची हद्द कोण आखतो, मते कशी द्यायची आणि कशी मोजायची हे कोण ठरवतो, निवडणूक आज घ्यायची की चार वर्षांनी हे कोणाच्या सोयीने ठरते? हे प्रश्न कारकुनी वाटतात. सभेत त्यांवर टाळ्या पडत नाहीत. माझे म्हणणे असे की, दलितांच्या राजकीय हक्काचा निम्मा इतिहास या कारकुनी प्रश्नांत दडलेला आहे आणि बाबासाहेबांना तो पुरता ठाऊक होता.

१५ जून १९४९ रोजी घटनासमितीत मसुद्याचे कलम २८९ चर्चेला आले. आज आपण त्याला कलम ३२४ म्हणतो. मूळ मसुद्यात प्रत्येक राज्याचा निवडणूक आयोग वेगळा असणार होता. बाबासाहेबांनी स्वतःच ते बदलणारी दुरुस्ती मांडली आणि लोकसभा व विधानसभा या दोन्ही निवडणुकांचे नियंत्रण एकाच केंद्रीय आयोगाकडे सोपवले. कारण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. काही प्रांतांतून तक्रारी आल्या होत्या की, जे लोक वंशाने, भाषेने वा संस्कृतीने त्या प्रांताचे नाहीत, त्यांना मतदारयादीतून वगळण्याचे प्रकार प्रांतिक सरकारे करीत आहेत. मताचा हक्क हा लोकशाहीचा पाया असेल, तर स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या पूर्वग्रहावर तो सोडता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रांतांवर अविश्वास दाखवला जात आहे, असा आक्षेप काही सभासदांनी घेतला. अविश्वास होताच, आणि तो अनुभवातून आलेला होता.

त्या चर्चेअंती घटनासमितीने विधानसभेची आणि लोकसभेची निवडणूक राज्य सरकारच्या हातून काढून घेतली. गावाची, तालुक्याची आणि जिल्ह्याची निवडणूक मात्र राज्य सरकारच्याच हातात राहिली. दलित माणसाला रोज ज्या सत्तेशी गाठ पडते ती सत्ता गावाची आहे. पाण्याचा नळ कोणत्या आळीपर्यंत जाणार, घरकुलाच्या यादीत नाव कोणाचे, स्मशानभूमीचा रस्ता होणार की नाही, हे संसदेत ठरत नाही. जिथे अन्याय रोजचा, तिथली निवडणूक मात्र पुढे पंचेचाळीस वर्षे सरकारच्या मर्जीवर राहिली. या विसंगतीचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

बाबासाहेबांनी तो त्याआधीच केला होता. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. या कराराची चर्चा आपण विभक्त मतदारसंघ आणि राखीव जागांपुरती करतो. परंतु त्यात स्थानिक संस्थांविषयीही एक कलम होते. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अस्पृश्य म्हणून कोणावर कसलीही अपात्रता राहणार नाही आणि त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे यासाठी सर्व प्रयत्न केले जातील, असे त्यात लिहिले होते. करारावरची शाई वाळण्यापूर्वीच, म्हणजे ६ ऑक्टोबर १९३२ ला, मुंबईच्या कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतीचे विधेयक चर्चेला आले आणि बाबासाहेबांनी त्याला कसून विरोध केला. गावात अस्पृश्य अल्पसंख्य आहेत, विखुरलेले आहेत, पोटासाठी स्पृश्यांवर अवलंबून आहेत. त्यांच्या खास प्रतिनिधित्वाची तरतूद नसलेली पंचायत म्हणजे गावकीच्या जुन्या सत्तेला कायद्याचा शिक्का, हा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. अशा पंचायतीच्या हाती न्यायदानाचे अधिकार देण्यालाही त्यांचा विरोध होता. नुसत्या प्रौढ मतदानाने गावातल्या अल्पसंख्याकाचे रक्षण होणार नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, तो कायदा झाला.

मते मोजण्याचा नियम बदलला की हक्काचे काय होते, हे पाहायचे असेल तर १९३७ आणि १९५२ या दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत संयुक्त मतदारसंघ होता. दोन्हींत राखीव जागा होत्या. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ अस्पृश्यांसाठी राखीव होत्या आणि त्या बहुसदस्य मतदारसंघांत होत्या. मुंबई प्रांतात तेव्हा संचयी मतदानाची पद्धत स्वीकारली गेली होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला, आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. म्हणजे तीन मते असलेला महार, चांभार किंवा मांग मतदार आपली तिन्ही मते आपल्या माणसाच्या पारड्यात टाकू शकत होता. संख्येने थोडा असलेला समाज एकजुटीने उभा राहिला तर त्याच्या मताचे वजन वाढत होते. स्वतंत्र मजूर पक्ष तेव्हा पुरता एक वर्षाचाही नव्हता. त्याने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. खुद्द बाबासाहेब भायखळा-परळ मतदारसंघातून विजयी झाले. काँग्रेसने त्यांच्यासमोर पाळवणकर बाळू या नामवंत क्रिकेटपटूला उभे केले होते. अस्पृश्यांमधलाच लोकप्रिय माणूस आपल्या पुढाऱ्यासमोर उभा करण्याची युक्ती आजची नाही.

१९५२ ला उत्तर मुंबईचा लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. पण आता दोन्ही मते एकाला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या तर त्यांतली एक बाद. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७. फरक साडेचौदा हजारांचा. आणि त्या मतदारसंघात बाद ठरलेली मते होती सुमारे ७४ हजार! बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी मिळून निवडणूक याचिका केली. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकून एक मत वाया घालवा, असा प्रचार विरोधकांनी केला, असा त्यांचा आरोप होता. निकाल बदलला नाही.

१९५२ च्या पराभवाला इतर कारणे नव्हती असे कोणी म्हणू नये. काँग्रेसची लाट होती, कम्युनिस्टांचे वैर होते, समाजवाद्यांशी झालेल्या समझोत्याची मते पुरती उतरली नाहीत. परंतु १९३७ च्या नियमाने जो समाज आपला प्रतिनिधी स्वतः निवडू शकत होता, त्याला १९५२ च्या नियमाने बहुसंख्याकांच्या दुसऱ्या मताची वाट पाहावी लागली. राखीव जागा तशीच राहिली. ती कोण भरणार, हे ठरवणारे हात बदलले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. विधानसभा-लोकसभेतून ते गेले. महाराष्ट्राच्या गावात मात्र ते आजही जिवंत आहेत, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गाव प्रभागांत विभागले जाते आणि प्रत्येक प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडून जातात. एक जागा अनुसूचित जातीची, एक सर्वसाधारण स्त्रीची, एक इतर मागासांची, अशी काही वाटणी. मतदाराला जागा तितकी मते, प्रत्येक जागेला एक. एकाच उमेदवाराला दोन मते देण्याची सोय नाही. म्हणजे उत्तर मुंबईचा १९५२ चा नमुना लहान आकारात गावोगावी बसवलेला आहे. अनुसूचित जातीच्या जागेवर वस्तीचा माणूस उभा राहतो, पण त्याला निवडून देते ते प्रभागातले बहुमत. म्हणून पॅनल बनवणारा पाटील-देशमुख वस्तीतला सर्वांत स्वाभिमानी तरुण शोधत नाही. सहीला कधी नाही म्हणणार नाही असा माणूस तो शोधतो. बौद्धवाडा एकजूट असेल तर मातंगवस्तीतला किंवा चर्मकारवाड्यातला उमेदवार दिला जातो, आणि उलटही होते. नंतर आपणच एकमेकांना दलाल म्हणतो. पद्धतीने जे घडवले त्याचा दोष जातीजातींत वाटून घेतो.

शिक्षक म्हणून मी काही ग्रामपंचायत निवडणुकांत केंद्राध्यक्षाचे काम केले आहे. या कामात जे दिसते ते पुस्तकात मिळत नाही. स्थानिक निवडणुकीची मतपत्रिका प्रवर्गानुसार रंगीत असते. अनुसूचित जातीच्या जागेची फिकट गुलाबी, जमातीची फिकट हिरवी, मागास प्रवर्गाची फिकट पिवळी, सर्वसाधारण जागेची पांढरी. मतदान यंत्र आले तरी त्यावर लावलेल्या मतपत्रिकेचा रंग राहिला. कारकुनी सोयीसाठी हे ठीकच आहे. परंतु प्रचारात त्याचे काय होते? गुलाबीवर कोणाला द्यायचे हे आम्ही सांगतो, पांढऱ्यावर तुम्ही बघा, असे वस्तीला सांगितले जाते. आणि पांढऱ्या जागेवर वस्तीतला कोणी उभा राहिला तर गावाला तो उद्धटपणा वाटतो. कायद्याने सर्वसाधारण जागा सर्वांची आहे. गावाच्या मनात ती सवर्णांची राखीव जागा आहे.

प्रभागाच्या हद्दीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी गोम तिथे आहे. प्रभागरचना तहसीलदाराच्या देखरेखीखाली होते. तलाठी आणि ग्रामसेवक गावात फिरून हद्दी पाहतात, नकाशावर रेघा ओढतात, जनगणनेची लोकसंख्या प्रभागांत वाटतात. उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेला शेवट करायचा, रस्ते, नाले, गल्ल्या यांची नैसर्गिक हद्द धरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडायच्या नाहीत, अशा सूचना असतात. या सूचनेतला 'शक्यतो' हा शब्द फार मोठा आहे. समजा, बौद्धवाड्यात दोनशे मते आहेत आणि प्रभाग सहाशे मतांचा आहे. वाडा सलग एका प्रभागात राहिला तर तिथल्या तिन्ही जागांच्या उमेदवारांना वाड्यात पाय ठेवावा लागतो. सर्वसाधारण जागेवरचा उमेदवारसुद्धा वाड्याला विचारल्याशिवाय निवडून येत नाही. तोच वाडा मधल्या रस्त्यावरून चिरून दोन प्रभागांत शंभर-शंभर टाकला, की दोन्हीकडे त्याचे मत नुसते भर घालण्यापुरते उरते. यात कोणावर बहिष्कार टाकावा लागत नाही, लाठी उगारावी लागत नाही. फक्त एक रेघ ओढावी लागते, आणि रेघेला कारण रस्त्याचे देता येते. एकाच जागी सलग वसलेली वस्ती, जी गावाने आपल्याला गावकुसाबाहेर टाकून दिली, ती या एका बाबतीत आपले बळ ठरू शकली असती. म्हणूनच ती फोडली जाते.

रेघेनंतर यादी. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतात आणि तहसील कचेरीत ती प्रभागनिहाय फोडतात. १९४९ साली बाबासाहेबांना जी यादीची भीती वाटत होती, ती या फोडणीत पुन्हा डोके वर काढते. नाव वगळले जात नाही, ते भलत्या प्रभागात जाते. माझ्या केंद्रावर एकदा वस्तीतल्या एक आजी आल्या. त्यांचे आणि त्यांच्या दोन्ही सुनांचे नाव पलीकडच्या प्रभागात गेले होते. मुलाचे नाव मात्र याच यादीत. दुसरे केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या आळीत, देवळाला लागून असलेल्या खोलीत होते. आजींनी त्या दिशेला एकदा पाहिले आणि त्या घरी गेल्या. माझ्या नोंदवहीत त्यांच्यासाठी कोणताही रकाना नव्हता. त्यांच्या केंद्राच्या कागदांत त्या गैरहजर मतदार ठरल्या असणार.

हे सगळे चालवण्यासाठी आज राज्य निवडणूक आयोग आहे. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्रात आयोग स्थापन झाला. त्याआधी काय होते हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. जिल्हा परिषदांची पहिली निवडणूक १९६२ ला झाली, पुढे १९६७, १९७२, १९७९. त्यानंतरची निवडणूक झाली १९९२ ला. तेरा वर्षे! या काळात मंडल आयोगाचा अहवाल आला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा झाला, एक पूर्ण पिढी मतदार झाली. आणि ग्रामीण महाराष्ट्राची सत्ता एकदा निवडून गेलेल्यांच्या आणि प्रशासकांच्या हाती राहिली. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका आणि जिल्हा परिषदा या एकाच घरातल्या तीन खोल्या होत्या. पुढे ढकलण्याचा अधिकार सरकारचा होता आणि सरकार त्याच घरातले होते.

घटनादुरुस्तीने आयोगाला मोठा मान दिला. पंचायतींच्या मतदारयाद्या आणि निवडणुका यांचे नियंत्रण त्याच्याकडे आले. आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींप्रमाणेच, तितक्याच कठीण मार्गाने दूर करता येते. पंचायतीची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, हे कलम २४३-ई मध्ये आले. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि अध्यक्षपदे मिळाली, त्यांत स्त्रियांना वाटा मिळाला. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखणाऱ्यांशी माझे जमत नाही. पहिल्यांदा सरपंचाच्या खुर्चीवर बसलेली दलित स्त्री, मग तिच्या नवऱ्याने किंवा पाटलाने किती का कारभार हाकलेला असेना, गावाने कधी पाहिलेले नव्हते असे दृश्य होते.

परंतु आयोगाला मान दिला तसे हात दिले नाहीत. त्याचे स्वतःचे मनुष्यबळ मूठभर. आयोगाने मागणी करावी आणि राज्यपालांनी कर्मचारी उपलब्ध करून द्यावेत, अशी घटनेची योजना. म्हणजे काम करणारे पुन्हा तेच: जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही शिक्षक. निवडणूक संपली की हे सगळे त्याच आमदाराच्या, त्याच पालकमंत्र्याच्या हाताखाली परत जातात. बदलीची भीती ज्याच्या मानेवर आहे त्याच्या हातातली पेन्सिल किती सरळ रेघ ओढील? शिवाय निवडणुकीसंबंधीचे कायदे करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडेच ठेवला, आणि मतदारसंघ-रचनेच्या कायद्याची वैधता न्यायालयात नेण्याला कलम २४३-ओ ने मज्जाव केला.

आयोग आणि विधिमंडळ यांच्यात खरा वरचढ कोण, याचे प्रात्यक्षिक मार्च २००८ मध्ये झाले. आयोगाच्या अधिकारांविषयीच्या वादातून विधानसभेने विद्यमान राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विशेषाधिकारभंगाबद्दल दोन दिवसांची कैद सुनावली. घटनात्मक पदावरचा माणूस तुरुंगात गेला. आपल्या नियतकालिकांतून त्या वेळी यावर फारसे लिहिले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. जात, धर्म, साहित्य यांवर आपण तावातावाने लिहीत होतो.

दुसरे प्रात्यक्षिक मार्च २०२२ चे. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात इतर मागासांच्या स्थानिक आरक्षणासाठी तीन अटी घातल्या होत्या: समर्पित आयोगाने मागासलेपणाची माहिती गोळा करावी, त्यावरून प्रमाण ठरावे, आणि एकूण आरक्षण निम्म्यावर जाऊ नये. त्या पेचातून वाट काढताना विधिमंडळाने कायदा केला आणि प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतला. आयोगाने केलेली रचना रद्द झाली. विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सगळे पक्ष या एका मुद्द्यावर भावकीसारखे एकत्र आले. मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी हे केले असे सांगण्यात आले, आणि त्या आरक्षणाची मागणी न्याय्यच होती. परंतु रेघ ओढणारी पेन्सिल एकदा सरकारच्या हाती गेली की ती कोणासाठी वापरली जाईल हे सरकार बदलेल तसे बदलते. मुंबई महापालिकेच्या प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ झाली आणि सरकार बदलताच २०२२ मध्येच परत २२७ झाली. सरपंचाचेही तेच. २०१७ ला थेट जनतेतून, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा जनतेतून. ज्या प्रवर्गाची खुर्ची, त्याला दर वेळी नव्या नियमाने खेळायला लावायचे.

डिसेंबर २०२० मध्ये आणखी एक निर्णय झाला. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढायची. खोटी जातप्रमाणपत्रे आणि घोडेबाजार थांबावा हे कारण देण्यात आले. १५ जानेवारी २०२१ ला चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान याच पद्धतीने झाले. काही गावांत सोडत ज्या प्रवर्गाची निघाली त्या प्रवर्गाचा सदस्यच निवडून आलेला नव्हता. पद रिकामे राहिले. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाला. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली. आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली, हे त्याच्या खाती जमा धरले पाहिजे. लिलाव झाला तो देवळाच्या नावाने. याच काळात काही आमदार बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांना लाखांच्या निधीची बक्षिसे जाहीर करीत होते. लिलाव हा गुन्हा आणि बिनविरोध हे भूषण! चावडीवर बसून ठरवणारे दोन्हीकडे तेच असतात, आणि त्या बैठकीत वस्तीचा माणूस उभा असतो की बसलेला, हे विचारण्याची पद्धत नाही.

राज्याचा निवडणूक कारभार गावाच्या जातिसत्तेपुढे किती हतबल होऊ शकतो, याचे उदाहरण तामिळनाडूत आहे. तेथे १९९६ साली मदुराईच्या बाजूला पाप्पापट्टी, कीरीपट्टी, नाट्टरमंगलम् आणि विरुधुनगरकडे कोट्टकच्चियेंदल या चार पंचायतींचे अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झाले. प्रशासन पुनःपुन्हा निवडणूक जाहीर करी. कधी अर्ज येत नसे. कधी गावाने पढवलेला उमेदवार निवडून येई आणि लगेच राजीनामा देई. दहा वर्षे हे चालले. कागदोपत्री कायदा कुठेही मोडलेला नव्हता. अर्जच आला नाही तर अधिकारी काय करणार? जवळच्याच मेलवळवू येथे मुरुगेशन नावाचा दलित माणूस अध्यक्ष म्हणून निवडून आला. ३० जून १९९७ ला त्याला आणि आणखी पाच जणांना बसमधून ओढून कापून काढण्यात आले. त्या चार पंचायतींत २००६ मध्ये अखेर निवडणूक झाली. कायदा तोच होता, आरक्षण तेच होते. फरक असा की या वेळी सरकारने मनावर घेतले आणि मदुराईचे जिल्हाधिकारी उदयचंद्रन यांनी गावोगाव बैठका घेऊन, संरक्षण देऊन अर्ज भरून घेतले. जो कारभार दहा वर्षे अशक्य म्हणत होता त्याने तो काही महिन्यांत करून दाखवला. यावरून कारभाराची तटस्थता म्हणजे काय असते ते समजून घ्यावे.

आपल्याकडे त्यानंतरचा अध्याय प्रशासकांचा. २०२२ च्या मार्चपासून मुंबईसह बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा लोकनियुक्त सदस्यांविना राहिल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तीही मुदत वाढली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा-नगरपंचायतींपासून मतदानाला सुरुवात झाली. ७३ व्या घटनादुरुस्तीने जे तेरा वर्षांचे दार बंद केले होते, ते जवळपास चार वर्षांपुरते पुन्हा उघडले गेले. या काळात अनुसूचित जातीचा एकही सदस्य त्या सभागृहांत नव्हता, कारण सभागृहच नव्हते. दलित वस्ती सुधारणेचा निधी कोणत्या गावाला, हा निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर होत राहिला. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती मुंबई कोणाची याची.

२०२५ च्या नियमांत जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या आरक्षणाचे चक्र नव्याने सुरू धरण्यात आले. चक्रानुक्रम म्हणजे काय? अनुसूचित जातीची लोकसंख्या ज्या गटात टक्केवारीने सर्वांत जास्त, तिथून उतरत्या क्रमाने जागा राखीव करायच्या. पुढच्या निवडणुकीत त्या सोडून खालच्या गटांत जायचे. गट आणि गण यांच्या हद्दी बदलल्या की मागील क्रम लागू करता येत नाही, हे सरकारचे म्हणणे. परंतु चक्र पुन्हा शून्यावर आणले की ज्या गटांची पाळी येणार होती ते पुन्हा रांगेच्या शेवटी जातात. रांग मोडण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याला आरक्षण रद्द करण्याची गरज पडत नाही.

आणि हे सारे गणित अजून २०११ च्या जनगणनेवर चालले आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता जाहीर झालेल्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातींचीही नोंद व्हायची आहे. ते आकडे आले की राज्यभर प्रभाग, गण आणि गट नव्याने आखले जातील. प्रारूप रचना तहसील कचेरीत आणि चावडीवर लागते; हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. नुसता अन्याय झाला असे लिहिलेली हरकत निकालात काढायला अधिकाऱ्याला एक ओळ पुरते. घरांची यादी, वस्तीचा नकाशा, प्रभागनिहाय लोकसंख्या आणि मागच्या दोन निवडणुकांच्या हद्दी जोडलेली हरकत निकालात काढताना त्याला कारणे द्यावी लागतात, आणि ती कारणे पुढे कोर्टात उपयोगी पडतात. ही कागदपत्रे ऐन वेळी मिळत नाहीत. गावच्या शाळेतले शिक्षक आणि महाविद्यालयात जाणारी मुले यांनी आपापल्या वस्तीची घरमोजणी आणि जुन्या प्रभागांचे नकाशे आतापासून उतरवून ठेवले, तर त्या आठवड्यात काहीतरी हातात असेल.